होडीत बसायचंय? आधी मापाची टेप घ्या

पहिल्यांदा होडीतून फिरायला जायचं होतं तेव्हा मी होडीवाल्याला फोनवर एकच प्रश्न विचारला होता. "व्हीलचेअर चालते ना?" पलीकडून उत्तर आलं, "चालते की! बिनधास्त या." आम्ही गेलो. धक्क्यावर पोचल्यावर पाहते तर होडीचा काठ धक्क्यापेक्षा दीड हात खाली, मध्ये टाकलेली फळी माझ्या खुर्चीहून अरुंद. दोन पोरं मदतीला धावली. एकाने मागचे दांडे धरले, दुसऱ्याने खुर्चीचा बाजूचा हात धरून ती उचलली. तो हात निघणारा होता. तो त्याच्या मुठीत राहिला आणि खुर्ची पाण्याच्या बाजूला कलली. कुणीतरी माझा दंड पकडला म्हणून वाचले. घरचे सगळे फिरून आले, मी धक्क्यावर बसून त्यांच्या चपला सांभाळल्या.

त्या माणसाने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. "चालते का?" असं विचारलं की "चालते" असंच उत्तर येतं. त्याच्या डोक्यात असतं की चार जण मिळून उचलतील. माझ्या डोक्यात असतं की मी माझी माझी आत जाईन. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतो. त्यानंतर मी बऱ्याच होड्यांत बसले, काहींतून न बसता परतले. आता मी फोनवर इंचात बोलते.

हा लेख व्हीलचेअर, कुबड्या, कृत्रिम पाय वापरणाऱ्यांसाठी आहे, तसाच ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा गोंगाट सोसत नाही अशांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठीही आहे. होडीत चढण्याबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिलंय. पाण्यावर गेल्यावर फारसं काही अडत नाही. जे अडतं ते धक्का आणि होडी यांच्यामधल्या तीन-चार फुटांत.

१. होडी कोणती, हे आधी ठरवा

"बोटिंग" या एका शब्दात सहा वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीत चढण्याची रीत वेगळी.

सपाट डेकची मोठी मोटरबोट किंवा फेरी ही नवख्यांसाठी सगळ्यात सोपी. खुर्चीसकट आत जाता येतं आणि हेलकावे कमी लागतात. दोन सांगाड्यांची बोट, म्हणजे कॅटमरान, आणखी स्थिर असते. पहिली सफर हिच्यातूनच करा.

काही होड्यांचं पुढचं तोंडच दरवाजासारखं खाली पडतं आणि त्याचा उतार बनतो. खुर्ची सरळ काठावरून आत ढकलायची. तलावात मासेमारीसाठी बनवलेल्या होड्यांत हा प्रकार दिसतो. अशी होडी जवळपास मिळत असेल तर पुढचा निम्मा लेख तुम्ही सोडून दिलात तरी चालेल.

वल्ह्याच्या छोट्या होडीत खुर्ची नेता येत नाही. खुर्ची काठावर ठेवून तुम्हाला होडीच्या फळीवर बसावं लागतं. ती हलकी असते आणि चढताना खूप डुलते.

कयाक म्हणजे एका-दोघांची लांबट, अरुंद वल्ह्याची होडी. तिच्यात तुम्ही पाण्याच्या पातळीलाच असता. पाठीला आधार देणारी सीट आणि दोन्ही बाजूंना तरंगे लावले की कमरेखाली ताकद नसलेला माणूसही आरामात वल्हवतो. २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकपासून पॅराकनू, म्हणजे अपंग खेळाडूंची वल्ह्याच्या होड्यांची शर्यत, पॅरालिंपिकमध्ये आहे. पण कयाक उलटली तर लुळे पाय आत अडकू शकतात. म्हणून आधी पोहण्याच्या तलावात प्रशिक्षकासोबत उलटून बाहेर पडण्याचा सराव करा, मगच उघड्या पाण्यात जा. आणि पाय किंवा कंबर होडीला पट्ट्याने बांधू देऊ नका, "घसरणार नाही" असं कुणी कितीही सांगितलं तरी.

शिडाची होडी आपल्यासाठी नाही असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग हॅन्सा ३०३ ही होडी पाहिली. तिच्यात दोघं शेजारी शेजारी, झोळीसारख्या सीटमध्ये अगदी खाली बसतात, तळाला वजन असल्याने ती सहजी उलटत नाही आणि सुकाणू एका उभ्या दांड्याने हलतं. हिलरी लिस्टर या इंग्लिश बाईंना मानेखाली हालचाल करता येत नव्हती. त्यांनी २००५ मध्ये इंग्लिश खाडी एकटीने पार केली आणि २००९ मध्ये ब्रिटनला शिडाच्या होडीने प्रदक्षिणा घातली. होडी त्या तोंडातल्या नळ्यांत हवा फुंकून आणि ओढून चालवत. मोठ्या जहाजांतही 'लॉर्ड नेल्सन' (१९८६) आणि 'टेनेशस' (२०००) ही दोन शिडाची जहाजं अपंग आणि धडधाकट खलाशांनी मिळून चालवावीत अशीच बांधली गेली. डेकवरून डेकवर जायला लिफ्ट होत्या, सुकाणू धरणाऱ्या अंध खलाशाला दिशा बोलून सांगणारं होकायंत्र होतं. हे एवढ्यासाठी सांगतेय, की "तुम्हाला नाही जमायचं" असं कुणी म्हणालं तर तो त्याच्याकडच्या होडीबद्दल बोलतोय, एवढंच समजा.

रबरी वेगवान बोट टाळा. ती लाटांवर आपटत जाते. कण्याला मार लागलेल्यांना, हाडं ठिसूळ असलेल्यांना ते आपटणं महागात पडतं. अनेक वर्षं न वापरलेल्या पायांची हाडं आतून पोकळ झालेली असतात. पायांत संवेदना नसेल तर ती मोडली तरी दुखत नाही, दुसऱ्या दिवशी सूज पाहून कळतं.

२. फोनवर मापं विचारा, मत विचारू नका

फोन करायच्या आधी स्वतःची मापं कागदावर लिहून ठेवा. खुर्चीची रुंदी चाकांवरच्या कडीसकट (सीटची रुंदी नव्हे, ही चूक सगळे करतात), पायाच्या पट्टीसकट लांबी, बसल्यावर डोक्याची उंची, आणि खुर्ची अधिक तुम्ही असं एकूण वजन. हाताने चालवायची खुर्ची १० ते १८ किलो असते, पण बॅटरीवरची खुर्ची माणूस धरून सहज २०० किलोच्या वर जाते. होडीवाल्यांना हा आकडा ऐकून धक्का बसतो. तो फोनवर बसलेला बरा.

मग हे विचारा:

- धक्क्यावरून होडीत जायला काय आहे: फळी, पक्का रॅम्प, पायऱ्या की लिफ्ट? त्याची रुंदी किती इंच? किती किलो पेलतं? बाजूला कड आहे का?
- पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला होडीचा काठ धक्क्यापासून किती वर किंवा खाली असतो?
- आत गेल्यावर पहिला उंबरठा किती उंचीचा? बोटींच्या दारांना पाणी अडवायला उंच उंबरठे असतात. "आत एकही पायरी नाही" असं सांगणाऱ्याला उंबरठा पायरी वाटत नसतो.
- खुर्ची फिरवायला पाच फुटांचं वर्तुळ मोकळं मिळेल अशी जागा आहे का? खुर्ची बांधायला डेकवर कड्या आहेत का?
- शौचालयाच्या दाराची रुंदी? दार आत उघडतं की बाहेर?
- सावली आहे का?
- गाडी थांबते तिथून धक्क्यापर्यंत रस्ता कसा? खडी, वाळू की फरशी?

फोनवर बोलणं झालं की तीच उत्तरं मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि "बरोबर ना?" असं विचारा. धक्क्याचा आणि होडीच्या दाराचा फोटो मागा. फोटोत कुणीतरी उभं असेल तर उत्तम, उंचीचा अंदाज येतो. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा या टप्प्यावरच खरं काय ते कळतं.

किमान दोन दिवस आधी हे सगळं व्हायला हवं. युरोपीय संघाच्या जलप्रवासी हक्कांच्या २०१० च्या नियमातही मदत हवी असल्यास ४८ तास आधी कळवायला सांगितलंय. मात्र बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या छोट्या बोटी त्या नियमातून वगळल्या आहेत. म्हणजे आपण ज्यांतून जास्त करून फिरतो, त्याच.

३. भरती-ओहोटीचं गणित घड्याळाआधी करा

समुद्रावर किंवा खाडीत जाणार असाल तर वेळ होडीवाल्याच्या सोयीने ठरवू नका, पाण्याच्या सोयीने ठरवा. तरंगत्या धक्क्यावर उतरणारा पूल पूर्ण भरतीला जवळपास सपाट असतो, ओहोटीला घसरगुंडी होतो.

एक उदाहरण घेऊ. भरती-ओहोटीतला फरक ४ मीटर आहे आणि पूल १२ मीटर लांब आहे. पूर्ण भरतीला पूल सपाट. तीन तासांनी पाणी निम्मं, म्हणजे २ मीटर उतरलेलं असतं. आता उतार झाला ६ ला १. खुर्चीसाठी सोयीचा मानला जाणारा उतार आहे १२ ला १, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तुम्ही भरतीला हसत हसत उतरलात आणि तीन तासांची सफर करून आलात, की परत वर चढताना त्याच्या दुप्पट चढ समोर उभा. आणि पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते सगळ्यात भरभर जातं. दोन तासांची सफर असेल तर भरतीच्या एक तास आधी निघा आणि एक तास नंतर परत या. दोन्ही वेळा पूल जवळजवळ सारखाच मिळतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, फरक मोठा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, फरक लहान. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भांगाचे दिवस निवडावेत. आज सकाळी दहाला भरती होती म्हणून उद्याही दहालाच येईल असं नाही, रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

तलावाला भरती नसते, पण धरणाच्या तलावाची पातळी ऋतूनुसार कित्येक फूट खाली जाते आणि धक्का कोरडा पडतो. मग होडी चिखलाच्या काठाला लागते. त्या आठवड्यातला फोटो मागा, वर्षभरापूर्वीचा नको.

४. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं थोडीच लागतात: ओळखपत्र, अपंगत्वाचा दाखला (सोबत्याच्या तिकिटाला सवलत असेल तर), विम्याची प्रत, आणि एक कार्ड. हे कार्ड मी स्वतः बनवलं. त्यावर दुखापत काय आणि कुठे, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, दोन फोन नंबर आणि "मला असं उचला" याची तीन वाक्यं आहेत. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवते. फोनमध्ये सगळं आहे म्हणून भागत नाही, फोन भिजतो. विम्यात माणसाचं नुकसान धरलेलं असतं, खुर्ची पाण्यात पडली तर काय, हे वेगळं विचारावं लागतं.

होडीवाल्याचा परवाना आणि प्रवासीसंख्येची पाटी डोळ्यांनी पाहा. खुर्चीवाला माणूस वजनाने आणि जागेने एक प्रवासी नसतो, हे तिथेच बोलून घ्या.

सामानात:

- टेप. हो, तिथेही.
- सरकून बसायची फळी आणि गुळगुळीत कापड
- चार बकलचे पट्टे, खुर्ची बांधायला
- जाड फोमचा तुकडा किंवा जुनी घडीची चटई, धक्क्याच्या कडेवर टाकायला
- खुर्चीचे पाने, हवेचा पंप
- बॅटरीच्या खुर्चीच्या जॉयस्टिकवर चढवायला पारदर्शक पिशवी आणि रबर बँड
- शिट्टी, टॉवेल, पूर्ण बदली कपडे, लांब बाह्यांचा सदरा
- जास्तीची लघवीची पिशवी, वापरत असाल तर

५. लाइफ जॅकेट: हे तलावात घालून पाहिल्याशिवाय जाऊ नका

जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन वर उचलण्याची ताकद. ५० वालं नुसतं तरंगायला मदत करतं, पोहता येणाऱ्यासाठी आहे. ते बेशुद्ध माणसाचा चेहरा वर फिरवत नाही. १०० चं शांत पाण्यासाठी, १५० चं माणसाला पाठीवर उलटं करून तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. हातापायांवर ताबा नसलेल्याने, फिट येणाऱ्याने ५० वालं घालू नये. होडीवाले सरसकट तेच देतात, कारण ते स्वस्त आणि टिकाऊ.

पण ही चाचणी धडधाकट शरीरावर झालेली असते. आपलं शरीर वेगळं तरंगतं. लुळे पाय बारीक झालेले असतात, ते वर येतात आणि काही वेळा छाती खाली दाबतात. पोकळ कृत्रिम पाय बुडण्याऐवजी वर येऊन डोकं खाली ढकलू शकतो. एक पाय नसलेला माणूस एका अंगावर वळत राहतो. म्हणून पोहण्याच्या तलावात, शेजारी दोन माणसं ठेवून, जॅकेट घालून पाण्यात उतरा आणि पालथं पडून पाहा. आपोआप सुलटे झालात का? किती वेळ लागला? माझ्या बाबतीत पहिलं जॅकेट नापास झालं होतं. मला सुलटं व्हायला इतका वेळ लागला, की माझ्या भावाने मोजणं सोडून मला वळवलं.

आणखी काही गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. पाठीला जाड फोम असलेलं जॅकेट खुर्चीत तुम्हाला पुढे ढकलतं, बसण्याचा तोल जातो. पाठ पातळ असलेलं मागा. मांड्यांमधून जाणारा पट्टा लावलाच पाहिजे, नाहीतर जॅकेट कानांपर्यंत वर सरकतं. पण तो लघवीच्या नळीवरून गेला तर नळी दबते. पट्टा लावल्यावर हाताचं बोट फिरवून नळी तपासा. आपोआप फुगणारं जॅकेट बोटांत ताकद नसलेल्यांना बरं, कारण दोरी ओढायची गरज नाही. पण बंद केबिनमध्ये बसणार असाल तर कप्तानाला विचारून घ्या. आत पाणी भरलं तर फुगलेलं जॅकेट माणसाला छताला चिकटवतं. आणि गळ्याला श्वासासाठी छिद्र केलेलं असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा बेत आखूच नका. तिथून पाणी थेट फुप्फुसात जातं.

६. चढणं

आधी होडी स्थिर करा. पुढून, म्हणजे नाळेकडून, आणि मागून, दोन्ही टोकांना दोर बांधलेला हवा. एका दोरावर होडी दारासारखी उघडते आणि नेमकी तुम्ही मध्यात असताना उघडते. इंजिन बंद.

मग आज्ञा कोण देणार ते ठरवा. एकच माणूस. शक्यतो ज्याला उचलायचंय तोच. "एक, दोन, तीन" म्हणायच्या आधी विचारून घ्या, तीनला उचलायचं की तीननंतर? हसू नका. माझा डावा खांदा या प्रश्नावरच एकदा दुखावला, अर्धे तीनला उठले आणि अर्धे थांबले.

रॅम्प असेल तर खाली जाताना पाठमोरे जा. खुर्चीच्या मागे ताकदवान माणूस, तो उताराच्या खालच्या बाजूला, आणखी एक पुढे. बॅटरीची खुर्ची असेल तर सगळ्यात कमी वेगावर ठेवा आणि रॅम्पची पेलण्याची क्षमता पुन्हा विचारा. चाकं मोकळी सोडणारा खटका असतो ना, तो कुणी "ढकलायला सोपं जावं" म्हणून उतारावर उघडला तर ब्रेकच उरत नाही. दीड-दोनशे किलो मग कुणाच्या हातात थांबत नाहीत. त्या खटक्याला हात लावायचा नाही हे मदतनीसांना आधीच सांगा.

रॅम्प नसेल आणि उंचीतला फरक थोडा असेल तर मी तीन बैठकांत उतरते. पहिली धक्क्याच्या कडेवर, फोम टाकून. दुसरी होडीच्या काठावर, तिथेही फोम. तिसरी आतल्या फळीवर. एक माणूस होडीत गुडघ्यावर बसून माझे पाय धरतो, दुसरा मागून कंबरेचा पट्टा. होडी वर-खाली होत असेल तर दोन-तीन हेलकावे नुसते पाहायचे आणि ती वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा सरकायचं. कातडी घासू नये म्हणून लांब, जाड पँट घाला. संवेदना नसलेल्या जागी ओरखडा पडला की कळत नाही, आणि तो भरायला महिने जातात.

उचलायचंच असेल तर हे दोन नियम. काखेत हात घालून उचलू देऊ नका. आणि खुर्चीसकट उचलत असतील तर निघणारे भाग, म्हणजे बाजूचे हात, पायाच्या पट्ट्या, गादी, आधी काढून पिशवीत भरा आणि फक्त वेल्ड केलेली नळी दाखवून "इथे धरा" म्हणा. माझ्या मावशीला अर्धांगवायू झालाय. तिला मदत करताना लोक हमखास लुळा हात धरून ओढतात, कारण चांगल्या हाताने तिने आधार धरलेला असतो. लुळ्या बाजूचा खांदा सांध्यातून निसटतो. त्या हाताला आम्ही आता झोळी बांधूनच नेतो. मग कुणी तो धरत नाही.

मनाला पटलं नाही तर चढू नका. धक्क्यावर दहा माणसं खोळंबली असतील, "अहो, काही होत नाही" म्हणत असतील. मी दोनदा परतले आहे. दोन्ही वेळा वाईट वाटलं आणि दोन्ही वेळा रात्री शांत झोप लागली.

७. बसणं आणि बांधणं

होडीच्या मध्यरेषेवर, मध्यापासून किंचित मागे बसा. तिथे हेलकावा सगळ्यात कमी असतो. खुर्चीचे ब्रेक हे धरून ठेवण्यासाठी पुरेसे नाहीत. चार कोपऱ्यांतून चार पट्टे, खुर्चीच्या सांगाड्याला; चाकांना बांधले तर चाक फिरून पट्टा ढिला होतो. बॅटरीच्या खुर्चीचा स्विच बंद. एकदा मित्राच्या खुर्चीवरून वाकताना खलाशाचं पोट जॉयस्टिकला लागलं आणि मित्र कठड्यापर्यंत गेला. कठडा भक्कम होता म्हणून ही गोष्ट आज आम्ही हसत सांगतो.

उघड्या छोट्या होडीत माणसाला खुर्चीला बांधू नका. होडी उलटली तर जॅकेट वर ओढतं आणि खुर्ची खाली. धड सावरता येत नसेल आणि पट्टा लागतच असेल, तर मोठ्या बोटीतच जा, एका खटक्यात सुटणारा पट्टा वापरा आणि तो सोडण्याचं काम एका ठराविक माणसाला नाव घेऊन द्या. "कुणीतरी सोडेल" यातला कुणीतरी ऐनवेळी नसतो.

८. पाण्यावर असताना

लघवीची अडचण नको म्हणून पाणी न पिता जाणं ही सर्वात मोठी चूक. उन्हात आणि वाऱ्यात शरीर लवकर कोरडं पडतं. चढायच्या आधी पिशवी रिकामी करा आणि पाणी पीत राहा.

दाबाने जखम होऊ नये म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी बुडावरचा भार हलका करा, पुढे झुका, बाजूला कला. निसर्गसौंदर्यात हे विसरायला होतं, म्हणून फोनवर गजर लावते. मांड्यांवर आणि पायांखाली ओला टॉवेल किंवा कापड असू द्या. डेकचा तापलेला पत्रा पायाला लागून भाजतं आणि कळत नाही.

कण्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल तर अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम फुटणं ही रक्तदाब एकदम चढल्याची, धोक्याची खूण आहे. सरळ बसवा, जॅकेट आणि पट्टे सैल करा, नळी कुठे दबलीय का पाहा. बहुतेक वेळा कारण तिथेच असतं. तरीही उतरत नसेल तर होडी वळवायला सांगा आणि काठावर वैद्यकीय मदत बोलावून ठेवा. अशांना इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे शरीर नीट थंडही होत नाही, म्हणून सावलीची चौकशी करायला सांगितली होती.

बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आणि कानामागच्या पट्ट्या काहींना गुंगी आणतात, काहींची लघवी अडवतात, फिटच्या औषधांशी भांडतात. डॉक्टरांना विचारून घ्या. आणि गोळी पहिल्यांदाच होडीत बसल्यावर घेऊन पाहू नका.

पाणी थंड असेल तर पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास धापेने आत ओढला जातो, तेव्हा तोंड बाहेर असणं एवढंच महत्त्वाचं. नंतर साधारण दहा मिनिटं हात कामाचे राहतात. आपल्यातल्या अनेकांना ती दहा मिनिटं मिळतच नाहीत. म्हणून माणूस पाण्यातून परत वर कसा घेणार, शिडीने, झोळीने की जाळीने, हे निघण्याआधी कप्तानाला विचारा. उत्तर देताना तो इकडेतिकडे पाहायला लागला तर काय ते समजा.

९. दिसत नसेल, ऐकू येत नसेल, गोंगाट सोसत नसेल

न दिसणाऱ्या माणसाला होडी सुटायच्या आधी संपूर्ण होडी हाताने पाहू द्या: कठडा कुठे संपतो, उंबरठा कुठे, जॅकेटची शिट्टी कुठे. क्षितिजाकडे बघा हा बोट लागण्यावरचा उपाय त्यांच्या कामाचा नाही. तोंडावर वारा येईल अशी मधली जागा द्या. काठीला दोरी बांधून मनगटात घाला.

ऐकू न येणाऱ्यांसाठी सूचना इंजिन सुरू व्हायच्या आधी, समोर उभं राहून द्यायला सांगा. "बसा", "धरा", "वाका" यांच्या हाताच्या खुणा ठरवा. कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या ऐकण्याच्या यंत्राचा, बाहेरचा भाग पाण्यात चालणारा नसेल तर डब्यात ठेवा, पण मग त्या माणसाला काही ऐकू येणार नाही हे कप्तानाला सांगून ठेवा.

माझा भाचा स्वमग्न आहे. त्याला आम्ही आठवडाभर घरी रोज दहा मिनिटं जॅकेट घालून बसवलं, होडीचे फोटो दाखवले, कानांवर लावायला हेडफोन घेतला. सगळं छान झालं. मग निघताना कप्तानाने सवयीने भोंगा वाजवला. तेवढं आधी सांगायचं राहिलं होतं. आता माझ्या यादीत "भोंगा" हा शब्द सगळ्यात वर आहे.

१०. उतरणं, आणि घरी आल्यावर

उतरताना सगळे दमलेले असतात, घाईत असतात आणि पाण्याची पातळी बदललेली असते. चढतानाचीच माणसं, तीच पद्धत, तोच आकडा मोजणारा. इतर प्रवासी आधी उतरू द्या. ते एकदम एका बाजूला गेले की होडी कलते, तेव्हा तुम्ही फळीवर नसलेलं बरं.

त्याच रात्री आरशात किंवा सोबत्याच्या मदतीने बूड, टाचा, घोटे तपासा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर दाब देऊ नका. खुर्ची गोड्या पाण्याने पुसा, फवारा मारू नका, पाणी बेअरिंगमध्ये जातं. पुढची छोटी चाकं काढून मिठाचा थर साफ करा आणि वंगण घाला. खारं पाणी दोन आठवड्यांत ती चाकं जाम करतं.

आणि झोपण्यापूर्वी धक्क्याची उंची, फळीची रुंदी, उंबरठा, भरतीची वेळ हे सगळं लिहून ठेवा. माझी वही आता अर्धी भरलीय. परवा एका अनोळखी मुलीने तिच्या बाबांसाठी विचारलं, तेव्हा मी तिला एका पानाचा फोटो पाठवला. तिचा उलट प्रश्न आला, "ताई, फळी २९ इंच आहे, बाबांची खुर्ची २८. चालेल का?" मी लिहिलं, चाकांवरच्या कडीसकट मोजलीस का?